बुधाचा निवाडा

(अमरावती येथे शिक्षकांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



सातवीच्या मुलांना कादंबरी झेपेल का, असे आपण नेहमी विचारतो. झेपते; पण आपण ती वाचूच देत नाही. ‘स्वभाववर्णन करा’ या एका प्रश्नाने आजवर किती कादंबऱ्यांचा बळी घेतला असेल! गाइडमधल्या चार ओळी पाठ होतात आणि पुस्तक कोरेच राहते. म्हणून अकोल्यास आमच्या वर्गात आम्ही कादंबरीतील पात्रावर खटला भरला आणि निवाडा मुलांच्याच पंचांवर सोपविला.

कादंबरी निवडली गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’. गोनीदा या अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र. जन्म परतवाड्याचा, १९१६ सालचा. सातवीत असतानाच स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने त्यांनी घर सोडले, पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिले. त्यांचा बुधा मुंबई मागे टाकून राजमाचीवर झाडापाखरांच्या संगतीत एकटा राहतो. आरोप ठेवला तो असा, की त्याने आपल्या माणसांविषयीचे कर्तव्य टाकले.

बचाव पक्षाने वानप्रस्थाश्रमाचा आधार घेतला. फिर्यादी पक्षातील मुलगा तत्काळ उठला : वानप्रस्थी मनुष्य घराची घडी बसवून निघतो; बुधाने ती बसविली होती काय? पान दाखवा! आश्रमव्यवस्थेवर मी तासभर बोललो असतो, तरी हा प्रश्न कोणास सुचला नसता.

‘पान दाखवा’ हा आमचा मुख्य नियम. त्यामागे इतिहास आहे. १९०८ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत नऊ जण, त्यांतील सात युरोपीय. ‘केसरी’चे मराठी लेख त्यांच्यापुढे आले ते इंग्रजी भाषांतरातून. त्या भाषांतरातील चुका टिळकांनी दाखविल्या; तरीही सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. त्यांच्या अपिलासाठी इंग्लंडला गेलेले दादासाहेब खापर्डे याच अमरावतीचे. मूळ शब्द न वाचता दिलेल्या निकालाचे मोल काय, हे मुलांना यातून समजते. म्हणून ज्याने पुस्तक पूर्ण वाचले नाही, त्याला आम्ही पंच करीत नाही; मग तो वर्गात पहिला का येईना!

एका पंच मुलीने मधेच विचारले, “आमचा आबा बी एकलाच वावरात रायते, बाबा पुन्याले गेले. मंग गुन्हा कोनाचा?” वर्ग स्तब्ध झाला. वऱ्हाडातील किती घरांतून हा प्रश्न मुकाट बसून आहे, हे मी आपणास सांगावयास नको. मी उत्तर दिले नाही. तिचे वऱ्हाडीही ‘शुद्ध’ करून दिले नाही. ‘पूर्णामायची लेकरं’ लिहिताना गोनीदांनी या बोलीला जो मान दिला, तो वर्गात आपण नाकारणारे कोण? एवढेच म्हणालो, की प्रश्न नोंदवून घ्या आणि पुन्हा पुस्तकाकडे चला.

पाचांपैकी तिघांनी बुधाला निर्दोष ठरविले. दोघांचे भिन्न मत होते. तेही कारणांसह निवाड्याच्या वहीत उतरविले.

आपण हा प्रयोग करणार असाल, तर दिवाळीपूर्वी पुस्तके मुलांच्या हाती पडू द्या. वाचनास तीन आठवडे, खटल्यास चार तासिका पुरतात. पंच विषमसंख्य असावेत. आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर शिक्षकाने बसू नये; मागच्या बाकावर जागा असते.