ऐकणारा कान कसा घडतो



गाण्यावर व्याख्यान म्हटले की ते बहुधा गाणाऱ्यांवर होते. घराणी, तालीम, बंदिशी, गुरुशिष्यांच्या आठवणी यांवर मराठीत विपुल आणि उत्तम लिहिले-बोलले गेले आहे. आज मला ऐकणाऱ्यांविषयी, म्हणजे तुमच्या-माझ्याविषयी बोलायचे आहे. समोर गाणे चालू असताना आपल्या कानात आणि मनात काय घडते? माझे म्हणणे आधीच सांगतो. गाण्याचा मोठा भाग श्रोता स्वतः घडवतो, आणि ही घडवण्याची शक्ती सवयीने कमावता येते. तिच्यासाठी रागांची नावे पाठ असावी लागत नाहीत.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर सेकंदाला साधारण १०० ते १३० कंपनांचा असतो. घरोघरीच्या जुन्या टेलिफोनच्या तारेतून मात्र सुमारे ३०० कंपनांच्या खालचे फारसे काही जात नसे. म्हणजे वडिलांच्या आवाजाचा पायाच वाटेत गळून पडे. तरी फोनवर वडील बायकी आवाजात बोलताहेत, असे कोणाला वाटले नाही. वरचे उपस्वर तेवढे पोहोचत, आणि त्यांच्या परस्परनात्यावरून मेंदू हरवलेला मूळ स्वर पुन्हा उभा करी. आपण तो स्वर ऐकत होतो, पण तो तारेतून आलेला नव्हता.

तंबोऱ्याजवळ बसणाऱ्यांना याच शक्तीचा दुसरा अनुभव येतो. तारा पंचम, षड्ज आणि खर्जाच्या. गंधाराची तार एकही नाही. तरी जवारी नीट लागली आणि तंबोरा जुळला की खर्जातून गंधार ऐकू येऊ लागतो. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. नादात तो असतोच. पण नवख्याला तो ऐकू येत नाही. 'आता खर्जाच्या तारेकडे लक्ष दे' असे कोणी सांगितले, चार दिवस कान तिथे ठेवला, की तो दिसावा तसा स्पष्ट होतो. नाद तोच, तार तीच. बदलले ते ऐकणाऱ्याचे लक्ष.

आता स्वराकडून लयीकडे येऊ. २००९ साली हंगेरी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला पहिला, जोराचा ठोका गाळला. बाळांच्या मेंदूने त्या गाळलेल्या ठोक्याची नोंद घेतली. जे वाजलेच नाही, त्याची नोंद! ती होते, याचा अर्थ मेंदू त्या क्षणी ठोक्याची वाट पाहत होता. ऐकण्याचे मर्म मला इथे दिसते. ऐकणारा आवाजाच्या मागून चालत नाही, तो एक पाऊल पुढे जाऊन थांबलेला असतो.

आपल्या ख्यालगायनाने ही वाट पाहणे कलेच्या केंद्रस्थानी आणून बसवले आहे. विलंबित एकताल घ्या. मात्रा बारा, पण लय इतकी संथ की एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालते. एवढा काळ मनात मोजत बसणे श्रोत्याला शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. तबलजी त्याला खुणा देत असतो. तिसऱ्या-चौथ्या मात्रेला 'धागे तिरकिट' येते, तेव्हा सम अजून दूर आहे. नवव्या-दहाव्या मात्रेला तेच 'धागे तिरकिट' पुन्हा येते, आणि आता दोनच मात्रा उरलेल्या असतात. गायक याच सुमारास आलाप आवरून मुखडा उचलतो. ठेक्याचे बोल ज्याला माहीत नाहीत, असा श्रोताही चार-सहा आवर्तनांनंतर ही जागा ओळखू लागतो. तो किंचित पुढे सरकतो, श्वास रोखतो, आणि समेवर साऱ्या सभागृहाच्या माना एकदम हलतात. ती मान हलवायला कोणी शिकवलेले नसते.

तिहाईत हेच उघड दिसते. एक तुकडा वाजतो, पुन्हा तोच वाजतो, आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटी श्रोत्याला कळते की तिसरी फेरी समेवर जाऊन पडणार. इथून पुढचा आनंद हा खात्री पटण्याचा आनंद आहे.

अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ लेनर्ड मेयर यांनी १९५६ साली आपल्या ग्रंथात असे मांडले की संगीतातली भावना अपेक्षेतून जन्मते. अपेक्षा लांबवली, अडवली, वळवली की मन हलते. पुढे २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी, ज्यांच्या अंगावर गाणे ऐकताना रोमांच उभे राहतात अशांना त्यांच्याच आवडीचे संगीत ऐकवून मेंदूचा वेध घेतला. आनंदाशी निगडित डोपामिन हे द्रव्य रोमांचाच्या क्षणी स्रवले, आणि त्या क्षणाच्या अगोदर, तो क्षण येणार या जाणिवेनेही स्रवले, तेही मेंदूच्या वेगळ्या भागात. ही माणसे ओळखीचे गाणे ऐकत होती. पुढे काय येणार हे त्यांना पाठ होते. म्हणजे ओळखीमुळे आनंद आटत नाही. आवडती ध्वनिमुद्रिका शंभराव्यांदा लावणाऱ्याला त्या जागेची वाट पाहायची असते, आणि वाट पाहण्यातही सुख असते.

पण वाट कशाची पाहायची, हे कोण शिकवते? १९८४ साली मेरी कॅस्टेलानो, जमशेद भरूचा आणि कॅरल क्रमहान्सल यांनी दहा हिंदुस्थानी रागांवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. रागाचा तुकडा ऐकवायचा, मग एकच स्वर वाजवून विचारायचे : हा आधीच्या सुरावटीत किती बसतो? श्रोत्यांत भारतीय संगीतात वाढलेले होते तसे पाश्चात्त्य संगीतावर वाढलेलेही होते. षड्ज-पंचमाचे महत्त्व दोघांनीही ओळखले. जे स्वर सुरावटीत अधिक वेळ वाजले, त्यांना दोघांनीही अधिक वजन दिले. इतके काम कान जागच्या जागी करतो. परंतु त्या सुरावटीच्या पाठीमागचा थाट फक्त भारतीय श्रोत्यांच्या उत्तरांत उमटला. कानात वर्षानुवर्षे साठलेले गाणे त्यांच्या मदतीला आले होते.

हे साठणे आपल्याकडे कसे झाले, याचा इतिहास मराठी माणसाच्या घरातला आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. पुढे १९११ मध्ये 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ मध्ये 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. भास्करबुवांसारखा थोर ख्यालगायक नाटकाच्या पदांना चाली देतो, म्हणजे काय होते? ज्याने दिवाणखान्यातली मैफल कधी पाहिली नाही, तो दुकानदार, कारकून, शिक्षक बालगंधर्वांच्या तोंडून यमन आणि भीमपलास ऐकतो, 'वन्समोअर' घेऊन पुन्हा ऐकतो, आणि घरी जाताना गुणगुणतो. नावे त्याला ठाऊक नसतील, पण कोणत्या स्वरानंतर कोणता येणार, हे त्याच्या कानाला ठाऊक झाले. १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तिथे पुढे हजारोंनी लोक आले, त्यामागे घरोघर, रंगभूमीवर, देवळांतल्या भजनांत घडलेले हे कान होते, असे मी मानतो.

भावनेचे काय? परका श्रोता आपल्या रागातली भावना ओळखतो का? १९९९ मध्ये कॅनडात लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्पसन यांनी हे तपासले. हिंदुस्थानी संगीताची ओळख नसलेल्या श्रोत्यांनाही आनंद, दुःख आणि क्रोध ओळखता आले, कारण लय किती द्रुत, सुरावट किती गुंतागुंतीची या खुणा सर्व माणसांना सामाईक आहेत. शांत भाव मात्र तितक्या खात्रीने हाती लागला नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. भैरवातल्या आंदोलित ऋषभावर गायक थांबतो, तेव्हा कानाला त्या ऋषभाची संगत आधीपासून असावी लागते. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने सहृदय कोणाला म्हणावे हे सांगताना जन्मजात देणगीवर भर दिला नाही. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले, तो सहृदय, असे त्याने म्हटले. अभ्यास हा शब्द त्याने श्रोत्याच्या बाजूला ठेवला, हे आपण विसरू नये.

आणि हा अभ्यास एकट्याचा नसतो. ब्रिटिश संगीतशास्त्रज्ञ मार्टिन क्लेटन यांनी मैफलींच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या, तेव्हा तंबोरे छेडणाऱ्यांच्या हातांची लयही नकळत एकमेकांत गुंतताना दिसली. वास्तविक तंबोऱ्याला ताल पाळायचा नसतो. श्रोत्यांचेही असेच आहे. जाणत्या माणसाच्या तोंडून 'वाह' निघते, ती कुठे निघाली यावरून शेजारच्या तरुणाला जागा कळते. ती दाद गायकापर्यंत पोहोचते, आणि तो तीच जागा नव्याने उलगडू लागतो.

म्हणून माझी विनंती. 'आम्हाला शास्त्रीयातले काही कळत नाही' हे वाक्य आपण सोडून देऊ या. एक भूप निवडावा, तो वेगवेगळ्या गायकांचा महिनाभर ऐकावा. विलंबित चालू असताना उठू नये, मोबाइल बंद ठेवावा, मुलांना शेजारी बसवावे आणि त्यांना रागाचे नाव विचारू नये. गावोगावच्या संगीत मंडळांच्या पन्नास माणसांच्या बैठका आज खर्चामुळे आणि उदासीनतेमुळे बंद पडत आहेत. त्या चालू ठेवाव्यात, वर्गणी द्यावी, आणि मुख्य म्हणजे तिथे जाऊन बसावे. गायकाला शिकवणारे गुरू आपल्याकडे अजून आहेत. श्रोत्याचा गुरू म्हणजे अशा बैठकीत त्याच्या शेजारी बसलेला दुसरा श्रोता. तो नाहीसा झाला, तर उत्तमोत्तम गायकही ज्यांना सम दाखवायची अशी माणसे शोधत राहतील.