गव्हाच्या शेतातला राजा

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही तुम्हाला एका राजाची गोष्ट सांगणार आहोत. ही पुराणातली नाही, अगदी परवापरवापर्यंत घडलेली आहे. आणि शेवटी आमच्या गटाच्या कपाटात असलेल्या एका ट्रॉफीची गोष्ट सांगू. राजाची गोष्ट आधी ऐकलीत, तर ट्रॉफीची नीट कळेल.

ऑस्ट्रेलिया देशाच्या पश्चिम भागात पर्थ नावाचं मोठं शहर आहे. तिथून पाचशे किलोमीटरवर उत्तरेला हट नदीच्या काठी लिओनार्ड कॅस्ली नावाचा शेतकरी राहत होता. बायको शर्ली, चार मुलगे, तीन मुली आणि साडेअठरा हजार एकर जमीन. आपल्याला हा आकडा फार मोठा वाटतो, पण तिकडची शेती कमी पावसाची, लांबच लांब पसरलेली.

१९६९ साली तिकडे गहू फार पिकला होता. भाव पडू नयेत म्हणून सरकारनं ठरवलं, की प्रत्येकानं ठरावीकच गहू विकायचा. कॅस्लींच्या शेतात जवळजवळ दहा हजार एकर गहू कापणीला आला होता, आणि विकायची परवानगी मिळाली ती साधारण शंभर एकरांच्या गव्हाची! कांद्याचा भाव एका रात्रीत पडलेला आपण पाहिलाय, त्यामुळे त्या घरात तेव्हा काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

लिओनार्डनं अर्ज केले, राज्यपालांकडे दाद मागितली, भरपाई मागितली. काही उपयोग झाला नाही. शेवटी २१ एप्रिल १९७० रोजी त्यानं जाहीर केलं, की आमचं शेत आता ऑस्ट्रेलियात नाही. आम्ही स्वतंत्र आहोत.

पुढे पत्रव्यवहार सुरू झाला. त्यात एकदा गव्हर्नर जनरलच्या कार्यालयातून आलेल्या पत्रावर त्याचा उल्लेख 'हट रिव्हर प्रांताचे प्रशासक' असा झाला. कुणा कारकुनानं सहज लिहिलं असेल. पण लिओनार्ड म्हणाला, बघा, सरकारनंच मला मान्यता दिली! मग पाचशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी कायद्याचा आधार सांगून तो स्वतःला 'प्रिन्स लिओनार्ड' म्हणवू लागला. आपल्या भाषेत संस्थानिक म्हणा. शर्लीबाई झाल्या प्रिन्सेस शर्ली.

गंमत बघा. त्याच सुमाराला, १९७१ च्या डिसेंबरात, आपल्या देशात संस्थानिकांचे तनखे आणि राजेपण घटना दुरुस्त करून बंद झालं. इकडे खरे राजे साधे नागरिक झाले, आणि तिकडे एक शेतकरी राजा झाला.

राज्य म्हटलं की राजवाडा हवा. संगमरवरी महाल काही नव्हता. शेतवस्तीवर साध्या बैठ्या इमारती होत्या. एक सरकारी कचेरी, एक टपाल कार्यालय, एक लहानसं प्रार्थनाघर, आणि राजाच्या चेहऱ्याचं भलंमोठं दगडी शिल्प. राजधानीचं नाव नेन. स्वतःची नाणी, स्वतःची तिकिटं, स्वतःचा झेंडा. बघायला लांबून पर्यटक यायचे. त्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारला जायचा, आणि बऱ्याचदा तो मारायला राजा स्वतःच बसलेला असायचा. सन्मानही होते. कुणाला सरदारकी, कुणाला पदक. शर्लीबाईंनाही एक किताब होता, शेरॉनच्या गुलाबाच्या नावाचा. १९७७ साली कराच्या तगाद्याला कंटाळून राजानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध युद्धही पुकारलं. गोळी एकही उडाली नाही. थोड्याच दिवसांत त्यानंच युद्ध संपल्याचं कळवलं.

ऐकताना हसू येतं. आमच्या गटातही सगळ्या हसल्या. पण एक काकू म्हणाल्या, "अगं, त्याचं कुणी ऐकलंच नाही, म्हणून राजा झाला बिचारा." आम्हाला ते पटलं. अर्जाला कुणी विचारत नाही, पण मुकुट घातला की वर्तमानपत्रवाले दारात येतात.

पण दुसरी बाजूही आहे. एकाही देशानं त्या संस्थानाला मान्यता दिली नाही. त्याच्या पासपोर्टवर कुठला प्रवास होत नाही, असं युरोपीय देशांनाही आपल्या यादीत नोंदवावं लागलं. आणि कराची बाकी वाढतच गेली. २०१७ साली नव्वदी ओलांडलेल्या लिओनार्डनं गादी धाकट्या मुलाला, ग्रॅमला दिली. शर्लीबाई त्याआधीच, २०१३ साली गेल्या होत्या. त्याच वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, न्यायालयानं निकाल दिला, की हे राज्य कायद्यापुढे नाही, आणि सुमारे तीस लाख डॉलर कर भरा. २०१९ साली लिओनार्ड गेला. पुढच्या वर्षी पर्यटक बंद झाले. ३ ऑगस्ट २०२० रोजी राज्य गुंडाळलं, आणि कर फेडण्यासाठी जमीन विकायची वेळ आली. जी जमीन वाचवायला राज्य उभं केलं, तीच गेली.

आता आमच्या ट्रॉफीकडे येऊ.

दोन वर्षांपूर्वी गटाच्या अध्यक्षताईंना फोन आला. "तुमच्या गटाची आदर्श महिला पुरस्कारासाठी निवड झाली आहे. नोंदणी शुल्क एकावन्नशे रुपये." दोन दिवसांनी छापील पत्र आलं. त्यावर लिहिलं होतं, 'माननीय अध्यक्षा'. मैत्रिणींनो, खरं सांगतो, ते पत्र आम्ही सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. आयुष्यभर अमक्याची सून, तमक्याची आई म्हणून ओळख. माननीय असं कुणी लिहिलं होतं आम्हाला? त्या राजाला पाकिटावरच्या एका शब्दानं जे झालं, तेच आम्हाला झालं. समन्वयक म्हणून आम्ही दोन प्रश्न विचारायला हवे होते. आम्हीही विचारले नाहीत. ठराव झाला, पैसे गेले.

शहरात गेलो. मोठा हॉल, शाल, नारळ, ट्रॉफी. आमच्यासारखे आणखी शेकड्यानं लोक रांगेत. आमच्या गटाचं नाव पुकारलं तेही चुकीचं. आमचे पापड कुणी पाहिले नव्हते, वह्या कुणी तपासल्या नव्हत्या. येताना एसटीत काकू म्हणाल्या, "बाई, हा पुरस्कार आपल्याला दिला, की आपण घेतला?" कुणीच बोललं नाही.

त्याच महिन्यात आमच्या एका सदस्येला मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी अंतर्गत कर्ज हवं होतं. शिल्लक पुरली नाही. ती सावकाराकडे गेली, शेकडा पाच रुपये महिना व्याजानं. हे आम्हाला नंतर कळलं. तिनं गटात एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. तेच जास्त लागलं.

मग आम्ही काय केलं? प्रत्येकीनं दर महिन्याला पन्नास रुपये जादा टाकले. आधी तिचं सावकाराचं देणं फेडलं, मग गटाची रक्कम भरून काढली. आणि इतिवृत्तात ठराव लिहिला: गटाच्या पैशातून कुठलाही पुरस्कार घ्यायचा नाही. कुणी सन्मान देतो म्हणालं, तर चार गोष्टी विचारायच्या. निवड कुणी केली? आमचं काम प्रत्यक्ष पाहिलं का? आमच्याकडून पैसे का मागता? पावती कुणाच्या नावानं मिळेल?

एक माहिती लक्षात ठेवा. पद्म पुरस्कार हे देशाचे एवढे मोठे सन्मान, पण त्यांना पैसे भरावे लागत नाहीत. आणि ते मिळाले तरी पदवीसारखे नावापुढे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं आहे.

सन्मानाची भूक वाईट नाही, मैत्रिणींनो. आम्हालाही ती आहे. म्हणून आता वार्षिक सभेत वर्षभर हप्ता न चुकवणाऱ्या सदस्येचं पूर्ण नाव, तिचं स्वतःचं नाव, मोठ्यानं वाचतो आणि सगळ्या उभ्या राहतो. खर्च काही नाही. गेल्या सभेत ते नाव त्या नर्सिंगवाल्या मुलीच्या आईचं होतं.

ट्रॉफी अजून कपाटात आहे. वह्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून बैठकीत ती त्यांच्यावर ठेवतो. तेवढा उपयोग होतो तिचा.