ओट्याखालची ऊब आणि घ्यावयाची दक्षता
(खर्डा येथील भाषणाचा मजकूर)



खर्डा म्हटले की १७९५ ची मराठे-निजाम लढाई आणि येथील भुईकोट किल्ला आठवतो. आजचा विषय मात्र अगदी घरातला, स्वयंपाकाच्या ओट्याखालचा आहे. बालाघाटच्या डोंगराळ टापूत पौषातली पहाट बोचरी असते. पूर्वी चुलीच्या आहारानेच स्वयंपाकघर उबदार राहत असे. गॅस आला, धूर गेला, आणि चुलीबरोबर ती ऊबही गेली.

इंग्लंडसारख्या थंड देशात स्वयंपाकघरातील कपाटांच्या तळाशी जी पट्टी असते, जिला आपले सुतार स्कर्टिंग म्हणतात, तिच्यामागे विजेचे लहानसे तापकयंत्र बसवितात. आतील पंखा गरम हवा जाळीवाटे बाहेर सोडतो. यंत्र दिसत नाही, जागा अडत नाही. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे हे पाहून आलेल्या पाहुण्याला तसेच यंत्र येथेही असावे असे वाटले, तर त्यात नवल नाही.

परंतु दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत मोठा फरक आहे. तिकडे बहुतेक घरांत नळाने येणारा नैसर्गिक वायू वापरतात. तो हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाली तर वर चढतो. आपल्या सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, कोपऱ्यात व ओट्याखाली साठून राहतो. नेमक्या त्याच ठिकाणी विजेची तापलेली तार असणे म्हणजे केवढे संकट, हे वेगळे सांगावयास नको. म्हणून ज्या ओट्याखाली १४.२ किलोचा सिलिंडर आहे, त्या ओट्याखाली असे यंत्र बसवूच नये. मधली फळी पुरेशी नाही. सुतार कितीही सुबक काम करून देतो म्हणाला, तरी येथे नकारच द्यावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे फरशी बादलीभर पाणी ओतून धुतात. जमिनीपासून चार बोटांवर असलेल्या यंत्रात ते पाणी सहज शिरते. शिवाय पीठ, कांद्याची टरफले आणि झुरळे पंख्यात जातात ती वेगळीच.

ज्यांच्या घरी सिलिंडर नियमानुसार घराबाहेर ठेवून नळीने गॅस आत आणला आहे, किंवा स्वयंपाक विजेच्या शेगडीवरच होतो, त्यांनी मात्र पुढील काळजी घेऊन विचार करावा. दोन किलोवॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे नऊ अँपिअर वीज घेते. मिक्सरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर ते लावले तर तारा तापतात. त्यासाठी मुख्य फळीपासून स्वतंत्र, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग हवे. गळणारा प्रवाह ओळखून ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे आरसीसीबी उपकरण लावावे व त्याचे चाचणी-बटण अधूनमधून दाबून पाहावे. बटण ओट्याच्या वर, हात पोचेल असे, पण मोरीपासून दूर असावे. पट्टी स्क्रूने बसवावी, चिकटवू नये. साफसफाईसाठी ती निघाली पाहिजे. जाळीपुढे पायपुसणे किंवा पोते टाकू नये. काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

खर्चाचा हिशेब सोपा आहे: अर्धा तास यंत्र चालले की एक युनिट. महिनाभर रोज तेवढे चालविल्यास तीस युनिटे. सकाळच्या गारठ्यापुरता जाड चटईचा तुकडा पायाखाली घेतला, तर हा खर्च होतच नाही, आणि पुष्कळ घरांना तेवढे पुरेसे होईल.

आणि गॅसचा वास आला, तर कोणतेही बटण लावू नये, तसेच चालू असलेले बंदही करू नये. दोन्ही वेळा ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, घरातील मुलांना बाहेर न्यावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावे.