ग्राउंडवर कोण सोडायचं?



मागच्या महिन्यात भाचीला एक गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवत होतो. खेळातल्या चिकाटीचं. गोष्ट ओळखीची: मुलगा हरतो, रडतो, पहाटे उठून सराव करतो, शेवटच्या पानावर कप उचलतो. पुस्तक मिटलं तर ती विचारते, "मामू, याला रोज ग्राउंडवर कोण सोडायचं?"

पुस्तकात ते कुठेच नव्हतं.

तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, शेजारी मेथी निवडत होती. ती काही बोलली नाही. मला मात्र धुळं आठवलं. नववीपर्यंत ती आठशे मीटर पळायची, शाळेत पहिली यायची. मग सराव संध्याकाळी सुरू झाला, ग्राउंडही लांब. अब्बांनी मनाई केली नव्हती. ते एवढंच म्हणाले, "भाऊ सोबत जात असेल तर जा." मी बारावीला होतो. म्हणालो, मला वेळ नाही. महिन्याभरात तिचे बूट माळ्यावर गेले. आणि घरात आम्ही काय म्हणायचो? "हिच्यात चिकाटीच नाही."

आपण चिकाटी नेहमी मुलाच्या अंगात शोधतो. खाशाबा जाधवांचं बघा. सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे पैलवान. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला ब्राँझपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावानेही वर्गणी काढली. ती चिकाटी एकट्या खाशाबांची होती का?

आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान. इंजिनिअरिंग सोडून क्रिकेट खेळायला वडिलांनीच पाठबळ दिलं. 2003 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये त्याच्या पहिल्याच षटकात 15 धावा गेल्या. पुढे दुखापती झाल्या, संघातली जागा गेली. 2006 मध्ये तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून खेळला, 78 बळी घेतले आणि परत आला. 2011 च्या फायनलमध्ये त्याची पहिली तिन्ही षटकं निर्धाव होती. मधली आठ वर्षं मुलांना सांगायला हवीत. कप शेवटच्या एका पानावरच असतो.

मित्रांनो, आपल्या मोहल्ल्यातली मुलगी आठवी-नववीत खेळ सोडते, तेव्हा "समाज मागे आहे" असं आपण भाषणात म्हणतो. माझ्या घरात समाज नव्हता, मी होतो. रोजचा एक तास नव्हता. मला पुढे डिग्री मिळाली, नोकरी मिळाली. तिला तो तास परत मिळाला नाही.

आता रविवारी सकाळी साडेसहाला मी भाचीला स्कूटरवर ग्राउंडवर नेतो. ती जिंकेल का, माहीत नाही. बहुतेक वेळा शेवटून दुसरी येते. मागच्या रविवारी बहीणही आली. भाचीसोबत तिने अर्धी फेरी मारली, दम लागला, हसत खाली बसली.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी आज घरी जाऊन एकच प्रश्न विचारा: "तुला कुठे सोडू?"