बोरॉन : चिमूटभर, पण मोजूनच
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील मार्गदर्शन)



खरिपासाठी गटाकडे कर्जाचे अर्ज येतायत. त्यात खत-औषधांचा खर्च मोठा असतो. म्हणून आज एका छोट्या अन्नद्रव्याबद्दल बोलूया. त्याचं नाव बोरॉन. सोनार वापरतो त्या टाकणखारात हेच असतं.

पिकाला नत्र, स्फुरद, पालाश किलोने लागतं, बोरॉन मात्र ग्रॅमने. आमटीतल्या मिठासारखं. कमी पडलं तर बिघडतं, जास्त झालं तरी बिघडतं.

बोरॉनमुळे परागकण नीट रुजतात, फळ-दाणा धरतो. ते जुन्या पानातून नव्या पानात सहसा जात नाही, म्हणून कमतरता आधी कोवळ्या शेंड्यावर दिसते. पपई वेडीवाकडी, गाठीगाठीची होते. फ्लॉवरचा देठ आतून पोकळ आणि गड्डा तपकिरी पडतो. भुईमुगाचा दाणा आतून पोकळ, काळपट निघतो. सूर्यफुलात दाणे पोचट राहतात. हलकी, चुनखडीची किंवा शेणखत कमी पडलेली जमीन असेल, पावसाने ताण दिला असेल, तर हे जास्त दिसतं.

पण बायांनो, पपई वाकडी दिसली की लगेच बाटली आणायची नाही! विषाणू रोगानेही पपई तशीच होते. मग बोरॉनचे पैसे वाया. आणि गरज नसताना टाकलं तर पानांच्या कडा करपतात. घेवड्याला तर लवकरच बाधतं.

मग करायचं काय? घरातली जमीन आरोग्य पत्रिका काढा. सातबारा कुणाच्याही नावावर असो, पत्रिका आपण वाचायची. त्यात १२ गोष्टी तपासलेल्या असतात, त्यात बोरॉनही असतं. आकडा ०.५ पीपीएमपेक्षा कमी असेल तर कमतरता समजायची. पत्रिका नसेल तर पेरणीआधी, खत टाकण्यापूर्वी मातीचा नमुना द्या.

कमतरता निघाली तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारूनच मात्रा ठरवा. फवारणीला साधारण लिटरला १ ग्रॅम बोरिक ॲसिड पुरतं, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५ ग्रॅम. मुठीने नाही, वजन करून. शेणखत, गांडूळखत चालू ठेवा.

पुढच्या बैठकीत कर्जाच्या अर्जासोबत पत्रिकाही आणा, आपण मिळून वाचू. दुकानदार काहीही म्हणो, हप्ता आपल्यालाच फेडायचा असतो.