बदली शिक्षक आणि मे महिना



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय मात्र आपल्याच एका मित्राने दिला. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्याने विचारलं होतं, "अरे, प्राध्यापकाला पगार सरकार देतं. वर ही फेलोशिप कशाला? आणि इतिहासवाल्याला तर प्रयोगशाळाही लागत नाही." त्याच्या खाली हसणारे अकरा चेहरे आले होते, मी मोजले. आज तो समोरच बसला आहे, तेव्हा उत्तर तोंडीच देतो.

इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला यंत्र लागत नाही, हे खरं. त्याला वेळ लागतो, आणि तोही सलग. महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचे असतात. ऐकायला कमी वाटतात. पण त्यांची तयारी, पेपर तपासणी, प्रवेश समिती, नॅकच्या फायली, स्नेहसंमेलनात मुलांच्या मारामाऱ्या सोडवणं, हे सगळं धरलं की हातात उरतो तो रविवार. रविवारी पुराभिलेखागार बंद असतं.

1998 साली मला विद्यापीठ अनुदान आयोगाची शिक्षक-फेलोशिप मिळाली. तिची रचना मला आजही शहाणपणाची वाटते. दोन वर्षं शिकवण्यातून सुटका, पगार चालू, आणि माझ्या जागी जो बदली शिक्षक येईल त्याचा पगार आयोग देणार. मला वेगळी रक्कम मिळाली ती किरकोळ खर्चापुरती. म्हणजे त्या फेलोशिपमधला खरा पैसा माझ्याकडे आलाच नाही, तो बदली शिक्षकाकडे गेला. मित्रा, 'वर फेलोशिप कशाला' याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

उरलेलं अर्धं पुण्याच्या पेशवे दफ्तरात. माझा विषय होता अठराव्या शतकातले पाण्याच्या पाळ्यांचे तंटे. पाटाचं पाणी आधी कोणाच्या शेतात, बंधारा फुटला तर दुरुस्ती कोणी करायची, असली भांडणं. तुमच्यापैकी जे शेती करतात त्यांना ती वेगळी सांगायला नकोत. चिठ्ठी भरायची, शिपाई रुमाल आणून ठेवतो, गाठ सोडायची, आणि पेन्सिलीने उतरवून घ्यायचं. मोडी मी शिकलो होतो, तरी पहिल्या महिन्यात दिवसाला एक कागद धड वाचून होईना. मोडीत एक गंमत असते. लिपी येणं वेगळं आणि एखाद्या कारकुनाचं वळण ओळखीचं होणं वेगळं. कोणी 'व' आणि 'प' एकसारखे काढतो, कोणी शब्द तोडतच नाही, कोणाची शाई पलीकडून उमटलेली असते. तीन महिन्यांनी डोळा बसला आणि मी दिवसाला आठ-दहा कागद वाचू लागलो. आधी मी दर दिवाळीत आणि मेमध्ये पंधरा-पंधरा दिवस जात असे. दर वेळी डोळा बसेपर्यंत परतीची गाडी यायची. सहा वर्षांत जे झालं नाही ते त्या दोन वर्षांत झालं, याला माझी हुशारी कारण नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच जाऊन बसता येत होतं, एवढंच.

कोणी म्हणेल, राजवाड्यांना कुठे फेलोशिप होती? नव्हती. त्यांनी कशा हालात कागद जमवले ते आपल्याला शाळेत सांगितलेलं आहे. पण माणसाने उपाशी राहून केलेलं काम पाहून पुढच्यालाही उपाशी ठेवा, हा निष्कर्ष मला पटत नाही. महामहोपाध्याय काणे यांना वकिलीचा आधार होता, तरी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड 1930 ते 1962 पर्यंत चालले. पेशवे दफ्तरातले निवडक कागद 45 खंडांत काढणारे सरदेसाई त्या वेळी बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले होते. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 साली सुरू झाली आणि 1966 साली पुरी झाली. तिच्यामागे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारख्यांच्या देणग्या होत्या. प्रत्येक कामात कोणीतरी कोणाच्या तरी वेळेचे पैसे दिलेले आहेत.

स्वातंत्र्यानंतर ती जबाबदारी सरकारने घेतली. 1965 साली सिमल्यात व्हाइसरॉयचा जुना वाडा उच्च अध्ययन संस्थेसाठी खुला झाला. 1969 मध्ये सामाजिक शास्त्रांची परिषद आली, 1972 मध्ये इतिहासाची. यांच्या फेलोशिपा आजही आहेत, आणि आपल्याकडचे लोक त्यांसाठी फार थोडे अर्ज करतात ही माझी जुनी तक्रार आहे. पण माझ्यासारख्या आडगावच्या प्राध्यापकाला उपयोगी पडली ती बदली शिक्षकाचीच योजना. बारावी पंचवार्षिक योजना 2017 मध्ये संपली. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत आमच्या महाविद्यालयातून कोणी त्या वाटेने गेलेलं मी पाहिलं नाही.

आणि आता तर प्रश्नच बदलला आहे. रजा द्यायला आधी नोकरी लागते. माझा एक विद्यार्थी आहे, आपल्याच शाळेचा. त्याला कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली होती. आज ती दरमहा 37 हजार आहे, दोन वर्षांनी 42 हजार होते. त्याने इतिहासात पीएच.डी. केली. आता तो दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो, सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, मध्ये चाळीस किलोमीटर मोटारसायकल. घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. विद्यार्थी असताना त्याच्या हातात येत होते त्याहून आज कमी येतात. मे महिन्यात काहीच नाही, कारण मेमध्ये तास नाहीत. पूर्ण वेळेची फेलोशिप घ्यायची तर तास सोडायला हवेत, आणि सोडलेले तास पुढच्या जूनमध्ये दुसऱ्याकडे गेलेले असतात. गेल्या मेमध्ये त्याने नातेवाइकाच्या खताच्या दुकानात हिशेब लिहिला. मोडी तो माझ्यापेक्षा चांगली वाचतो. हे मी कौतुकाने म्हणत नाही, आम्ही दोघांनी एकच कागद समोर ठेवून पाहिला आहे.

म्हणून मला आज मेळाव्याच्या शिल्लक निधीबद्दल बोलायचं आहे. बऱ्याच जणांना तो वर्गात डिजिटल फळे बसवण्यासाठी वापरावा असं वाटतं. त्याला माझा विरोध नाही, पण त्यासाठी आमदार निधीही मिळतो आणि कंपन्याही देतात. मी मागतो आहे ते कोणी देत नाही. आपल्या शाळेतून गेलेल्या आणि महाविद्यालयात भाषा, इतिहास किंवा तत्सम विषय तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका माणसाचा मे महिना आणि जूनचे पहिले पंधरा दिवस आपण घ्यायचे. पुण्यात, कोल्हापुरात किंवा मुंबईत जिथे त्याचे कागद किंवा पुस्तकं असतील तिथला खोलीचा आणि जेवणाचा खर्च, जाण्यायेण्याचं भाडं, आणि घरी पाठवायला महिन्याचे पैसे. माझ्या हिशेबाने दीड महिन्याचे पन्नास हजार. तोच माणूस तीन उन्हाळे ओळीने, दर वर्षी नवा नाही. का, ते मघाशी मोडीच्या वेळी सांगितलंच. तीन वर्षांचे दीड लाख होतात. मागच्या मेळाव्याचा मांडव आणि ध्वनिक्षेपक याहून फार स्वस्तात पडला नव्हता, खजिनदार मान हलवताहेत.

दीड महिना म्हणजे दोन वर्षं नव्हेत, हे मलाही कळतं. एवढ्यात ग्रंथ होत नाही. डोळा बसतो आणि थोडं वाचूनही होतं.

बदल्यात पुस्तक, अहवाल, प्रमाणपत्र काही मागायचं नाही. वर्षातून एकदा त्याने इथे येऊन नववीच्या मुलांना एक कागद वाचून दाखवावा, बस. अर्ज दोन पानांचा असावा आणि त्यात कोणाची शिफारस नसावी.

अर्ज कोण वाचणार, हा प्रश्न राहतो. मी नाही, कारण माझा विद्यार्थी अर्ज करणार हे उघड आहे. आपल्या मराठीच्या बाई इथे पहिल्या रांगेत आहेत. नववीच्या निबंधात कोणी कुठून उतरवलं ते त्या परिच्छेद वाचता वाचता सांगत असत. बाई, तुमची हरकत नसेल तर पहिले अर्ज तुमच्याकडे पाठवावेत म्हणतो. हरकत असेल तर आत्ताच सांगा, नंतर जेवणाच्या गडबडीत हा विषय निघणार नाही.