मशीनच्या पाटीवर काय लिहिलंय?

आम्ही शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शिवणकाम करणाऱ्या बाया. कुणी न्हावऱ्याच्या, कुणी मांडवगणच्या, कुणी केडगाव-वरवंडच्या. पारगावला भीमेवरचा पूल ओलांडला की तालुका बदलतो, पण मशीनची कुरकुर दोन्हीकडे सारखीच. आज बोलायचंय ते मशीनवरच्या नंबराबद्दल. कंपनीचं नाव आपण सगळ्याच वाचतो. त्याच्या खाली जी अक्षरं आणि आकडे असतात, ते कुणी बघत नाही. आम्हीही बघत नव्हतो, आणि त्यापायी गटाचे पैसे अडकले.

झालं असं. शाळेच्या गणवेशांचं काम मिळणार होतं. घरच्या काळ्या मशीनवर एवढा माल वेळेत निघायचा नाही, म्हणून गटातून कर्ज उचललं आणि पुण्याहून जुकी कंपनीचं जुनं मशीन आणलं, १४,००० रुपयांना. विकणारा म्हणाला, "ताई, बंद पडलेल्या कारखान्यातलं आहे, लोण्यासारखं चालतंय." टेम्पोने मशीन घरी आलं, नारळ फोडला. वायरमन दादा आला, मोटरजवळ खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "घरात थ्री फेज कुठंय तुमच्या?"

आता थ्री फेज म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. विहिरीवरच्या मोटरीसाठी रात्री-अपरात्री उठून शेताला पाणी धरणाऱ्या आपण. शेतात थ्री फेज, घरात सिंगल फेज. आणि ते मोटरीवरच्या पत्र्याच्या पाटीवर लिहिलेलं होतं की! '३ पीएच' आणि '४१५ व्होल्ट'. घरच्या विजेवर चालणाऱ्या मोटरीवर '१ पीएच' आणि २२० किंवा २३० व्होल्ट असतं. विकणाऱ्याने सांगितलं नाही हे खरं. पण पाटी काही त्याने झाकून ठेवली नव्हती.

मोटर बदलायला वरचे ४,५०० रुपये गेले. बदलताना मात्र आम्ही विचारून घेतलं. जुन्या धाटणीची क्लच मोटर असते, ती बटण दाबलं की फिरतच राहते. तुम्ही कापड लावत बसा, चहाला उठा, ती आपली घुं घुं करत वीज खातेच. सर्वो मोटर पायडल दाबलं तेवढीच फिरते. म्हणून सर्वो घेतली. बिलात फरक दिसतो आणि बाळ झोपलेलं असलं तर आवाजातही दिसतो.

एवढ्यावर भागलं नाही. गणवेशाच्या पँटी झकास शिवल्या जायच्या, पण मधल्या काळात ब्लाउज घेतले तर मऊ कापडाला चुण्या पडायच्या, खालून दात्यांचे वळ उठायचे. दोऱ्याचा ताण बदलून बघितला, सुई बदलली. शेवटी रांजणगावच्या एमआयडीसीत शिवणकामाला जाणारी आमच्यातलीच एक मुलगी आली, तिने मशीनच्या मानेवरचा नंबर वाचला आणि हसली. तिथे लिहिलेलं होतं: डीडीएल-८७००एच.

तिने जे सांगितलं ते तुम्हीही लिहून घ्या. डीडीएल हे जुकीच्या एका सुईच्या सरळ टाक्याच्या मशीनचं घराणं. ८७०० हा त्या घराण्यातला नमुना. नुसतं ८७०० असलं तर ते मधल्या वजनाच्या कापडाचं, म्हणजे शर्ट, ब्लाउज, ड्रेस. मागे 'एच' लागला की जड कापडाचं, त्याचे दाते भरड असतात. मागे '-७' असलं तर दोरा आपोआप कापणारं. एका अक्षराचा फरक, पण आमचं सगळं बाळंतपण त्या एका अक्षरात होतं. ओव्हरलॉकचंही तसंच. एमओ-६७०४ तीन दोऱ्यांचं, एमओ-६७१४ चार दोऱ्यांचं, एमओ-६७१६ पाच दोऱ्यांचं. दुकानात तिन्ही शेजारी शेजारी ठेवली तर ओळखू येत नाहीत. फक्त ही अक्षरं दुसऱ्या कंपनीला लावू नका. जिची तिची बाराखडी वेगळी.

आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "इंग्रजी अक्षरं आपल्याला कुठं यायची?" आम्ही म्हटलं, आजी, तुमच्याच केडगावात शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनातल्या बाया छापखाना चालवत होत्या. छापखान्यातली शिशाची अक्षरं तर उलटी वाचावी लागतात. आपल्याला सरळ लिहिलेली चार अक्षरं वाचायचीत.

आता याच आजींच्या मशीनची गोष्ट. घरात सासऱ्यांच्या वेळचं काळं सिंगर मशीन, सोनेरी वेलबुट्टी पुसत आलेली, जाळीदार बिडाचं पायडल. भंगारवाला ८०० रुपये देत होता. त्याच आठवड्यात नातू मोबाइलवर काहीतरी बघून आला, की जुन्या सिंगर मशीनला लाखो रुपये मिळतात. घरात दोन तट पडले.

ही लाखांची आवई नवी नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये सौदी अरेबियात अफवा उठली होती, की जुन्या सिंगर मशीनच्या सुईत 'लाल पारा' असतो. लोक मोबाइल घेऊन सुईजवळ धरायचे, फोन बंद पडला तर पारा आहे म्हणे! मशीनच्या किमती भलत्याच चढल्या, पोलिसांना लक्ष घालावं लागलं. पाराबिरा काही नव्हता. कुणीतरी तेवढ्यात आपली मशीनं विकून घेतली असतील, दुसरं काय.

आम्ही आजींच्या मशीनचा नंबर शोधला. सिंगरचा नंबर बैठकीवर, उजव्या हाताच्या खांबाच्या पायथ्याशी ठोकलेला असतो. वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ बसून तो दिसत नाही. फडक्याला थोडं रॉकेल लावून पुसायचं. पॉलिश पेपर अजिबात घासायचा नाही, आकडेच जातात. मग चिमूटभर पांढरी रांगोळी बोटाने चोळायची, की ठोकलेल्या खाचांत ती बसते आणि आकडे उठून दिसतात. मोबाइलची बॅटरी समोरून नाही, बाजूने मारायची, आणि फोटो काढायचा.

आजींच्या मशीनवर इंग्रजी 'वाय' आणि पुढे सात आकडे निघाले. १९०० पासून सिंगर आपल्या नंबराआधी अक्षर लावायची, आणि त्या अक्षरावरून कारखाना कळतो. 'वाय' म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा कारखाना, आणि काळ १९२२ ते १९३५ चा. 'जी' असतं तर अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा. पुढे दोन अक्षरं आली. त्यात 'ई' ने सुरू होणारी जोडी बहुतेक पुन्हा क्लाइडबँकची. काही मशीनांवर छोट्या पाटीवर नमुन्याचा आकडाही असतो, १५के, ६६के, २०१के असा. तो 'के' त्याच क्लाइडबँकच्या किल्बोवी कारखान्याचा. तो कारखाना १९८० साली बंद झाला. आजींच्या सासऱ्यांची मशीन मात्र चालू आहे.

मग लाख रुपये? नाही. अशी मशीनं लाखोंनी बनली आणि जगभर गेली. जुनं आहे म्हणून दुर्मीळ आहे असं होत नाही. पण ८०० रुपयांना भंगारात द्यायचं असंही नाही. आमचं मत स्पष्ट आहे: पूर्ण बिडाचं, दातरी चाकं धड असलेलं मशीन आजच्या हलक्या प्लास्टिकच्या मशीनपेक्षा जास्त वर्षं टिकतं.

उलटा अनुभवही येतो. बाजारात सोनेरी वेलबुट्टीची 'ओरिजिनल सिंगर' म्हणून मशीनं दाखवतात. वेलबुट्टीचा स्टिकर कुणीही चिकटवतो. आपल्याकडची बरीच काळी मशीनं आणि त्यांचे भाग पंजाबात लुधियानाला बनतात, आणि त्याच धाटणीच्या मशीनवर वेगवेगळी नावं लागतात. लुधियानाचं मशीन वाईट असतं असं आम्ही मुळीच म्हणत नाही, आमच्यातल्या निम्म्या जणी त्यावरच घर चालवतात. पण लुधियानाचं घ्या तर लुधियानाच्या भावाने घ्या. नंबराची जागा ग्राइंडरने घासलेली दिसली तर हात जोडून परत या.

मशीनवर किंवा मोटरीवर आयएसआयची खूण असेल तर तिथे 'सीएम/एल' आणि पुढे काही आकडे असायला हवेत. तो बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक. 'बीआयएस केअर' हे ॲप मोबाइलवर घेऊन त्यात तो टाकला की परवाना कुणाचा, चालू आहे का, ते कळतं. खूण आहे आणि आकडे नाहीत, तर ती खूण नुसती शोभेची.

सुईच्या पाकिटाबद्दल सांगायचंच राहिलं, आणि रोज लागतं ते तेच. पाकिटावर दोन गोष्टी असतात. एक सुईची जात आणि एक जाडी. घरच्या मशीनच्या सुईवर एचए×१ किंवा १५×१ किंवा १३०/७०५ एच लिहिलेलं असतं. नावं तीन, सुई एकच. तिचा दांडा एका बाजूने चपटा असतो. यातलं १५ कुठून आलं ठाऊक आहे? सिंगरच्या १५ नंबरच्या मशीनवरून. आपली घरची बहुतेक काळी मशीनं त्याच मशीनच्या धाटणीची आहेत. कारखान्याच्या सरळ टाक्याच्या मशीनला बहुधा डीबी×१ लागते, तिचा दांडा पूर्ण गोल. एकीची सुई दुसरीत बसवली की टाके सुटतात, सुई मोडते, आणि आपण मिस्त्रीला बोलावून त्याला पैसे देतो.

जाडीचे दोन आकडे असतात, ९०/१४ असे. ९० म्हणजे सुई ०.९० मिलिमीटर जाड, आणि १४ हा त्याच जाडीचा जुना नंबर. तलम कापडाला ७५/११ किंवा ८०/१२, रोजच्या सुती ब्लाउजला ९०/१४, गणवेशाच्या जाड कापडाला १००/१६, जीन्सला ११०/१८. होजिअरीला गोल टोकाची सुई मागायची, नाहीतर कापडाला भोकं पडतात.

आता आमच्या गटाच्या वहीत एक पान वेगळं ठेवलंय. प्रत्येकीच्या मशीनचा नमुना, नंबर, मोटरीच्या पाटीवरचं सगळं आणि सुईची जात. नवं मशीन घेताना बिलावर नंबर लिहून दिल्याशिवाय आम्ही पैसे देत नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं, त्यातून मशीन घेतलं तरी हेच करा. वॉरंटीला, विम्याला, आणि देव न करो, चोरी झाली तर पोलिसांत तोच नंबर द्यावा लागतो.

आमचं ते एच मशीन अजून आहे. त्यावर आता फक्त जाड काम करतो: गणवेशाच्या पँटी, दप्तरं, ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं. ब्लाउज आजींच्या मशीनवर. परवा त्यांच्या मशीनला नवी सुई बसवली, बाजारातली १५×१, ९०/१४. पहिल्याच फेरीत टाका एकसारखा आला. आजी म्हणाल्या, "आता या नंबराचा कागद माझ्या पेटीत ठेवा, नातवाला द्यायचाय. मशीन नाही हं, नुसता कागद."